रझाकार आणि मुसलमान : हैदराबादच्या इतिहासातील एक सीमारेषा

‘रझाकार’ हा शब्द मूळचा अरबी-फारसी. त्याचा अर्थ स्वयंसेवक, स्वखुशीने सेवा करणारा. मराठीत मात्र तो पाऊणशे वर्षे शिवीसारखाच वापरला जात आहे. मराठवाड्यातून, बीदर-कल्याणीकडून किंवा गुलबर्ग्याहून हैदराबादेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी या शब्दामागे एखादी तरी आठवण उभी असते : रातोरात सोडलेले गाव, आडात टाकून दिलेली भांडी, सरहद्दीपलीकडे नातलगांच्या आश्रयाने काढलेले महिने. या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याही गेल्या पाहिजेत. मात्र त्या सांगताना एक गोष्ट पुष्कळदा नकळत घडते. कथा ‘रझाकारांनी’ या शब्दाने सुरू होते आणि दोनचार वाक्यांनंतर कर्ता बदलून ‘मुसलमानांनी’ असा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा बदल क्षुल्लक आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो एवढा मोठा आहे की १९४८ च्या सप्टेंबरनंतर हजारो माणसांच्या जिवाचा निर्णय त्यावरच झाला.

आसफजाही राजवटीच्या अखेरच्या काळात हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक, लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. मुसलमानांचे प्रमाण साधारण आठवा हिस्सा असले, तरी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारी नोकऱ्यांत, विशेषतः वरच्या जागांवर, मुसलमानांचा भरणा लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होता. सभा भरवायची तर परवानगी, खाजगी शाळा चालवायची तर परवानगी. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नावाची धास्ती जुन्या पिढीतील कार्यकर्त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी १९०७ मध्ये ‘विवेकवर्धिनी’ उभी केली, तेव्हा मराठी शिकवणे हेच या शहरात एक सार्वजनिक कार्य होते. हैदराबादेतील प्रत्येक मराठी शाळा कमीअधिक प्रमाणात त्या कार्याची वारसदार आहे.

तेव्हा गाऱ्हाणे खरे होते. प्रश्न होता तो ते कोणाविरुद्ध मांडायचे हा. निजामाची राजवट मुसलमानी म्हणवली जाई. पण मराठवाड्यातल्या विणकराला, पिंजाऱ्याला, कुळाला ती मुसलमान असल्यामुळे काही सुखाची झाली नव्हती. जमीन जहागीरदार-देशमुखांकडे होती आणि त्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. ‘मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन’ ही संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली. बहादूर यार जंग यांच्या प्रभावी वक्तृत्वाने ती वाढली. संस्थानातील सार्वभौमत्व एकट्या निजामाचे नसून प्रत्येक मुसलमानाचे आहे, निजाम हे केवळ त्याचे प्रतीक, अशी ‘अनल मलिक’ची कल्पना तिने गरीब मुसलमानांसमोर ठेवली. उपाशी माणसाला तू राजा आहेस असे सांगण्यात एक नशा असते. १९४४ मध्ये बहादूर यार जंग यांचे निधन झाले आणि १९४६ च्या अखेरीस संघटनेची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे गेली. त्यांच्या हाताखाली रझाकार हे स्वयंसेवक दल सशस्त्र निमलष्कर बनले.

या राजवटीविरुद्ध लढताना धर्मद्वेषाची वाट टाळायची, ही जाणीव चळवळीत पुष्कळ आधीपासून होती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात तिने सत्याग्रह सुरू केला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह सुरू झाले. त्या दोघांच्या मागण्या हिंदूंच्या धार्मिक व नागरी हक्कांच्या होत्या. स्टेट काँग्रेसची मागणी सर्व प्रजेला जबाबदार राज्यपद्धती मिळावी ही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तिन्ही एकच वाटत होते, आणि निजाम सरकारला ते तसेच वाटायला हवे होते. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरात आपला सत्याग्रह स्थगित केला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात होते. अनेक तरुणांना हा निर्णय कडू वाटला. चळवळीचा जोर त्यामुळे ओसरला आणि बंदी पुढे १९४६ पर्यंत उठली नाही, ही किंमत लहान नव्हती. तरीही तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. निजामाविरुद्धचा लढा हिंदू-मुसलमानांचा लढा ठरला असता, तर ‘अनल मलिक’ला त्याहून मोठा पुरावा कोणता मिळाला असता?

रझाकारांच्या रोषाला पहिल्यांदा कोण बळी पडले, हे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. म्हैसूरचे नामवंत दिवाण सर मिर्झा इस्माईल १९४६ मध्ये हैदराबादचे पंतप्रधान झाले. भारताशी समझोता करावा या मताचे ते होते. इत्तेहादच्या विरोधामुळे वर्ष पुरे होण्याआधीच त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी छतारीचे नवाब आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी ते जैसे थे कराराच्या वाटाघाटींसाठी दिल्लीस निघणार होते. पहाटेच्या अंधारात रझाकारांच्या प्रचंड जमावाने छतारी, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज सल्लागार सर वॉल्टर माँक्टन यांच्या घरांना वेढा घातला. लष्कराच्या मदतीने त्यांना बाहेर काढावे लागले. निजाम डगमगले, शिष्टमंडळ बदलले, छतारींनी राजीनामा दिला आणि मीर लायक अली पंतप्रधान झाले. गंमत अशी की जवळजवळ त्याच अटींचा करार २९ नोव्हेंबरला झालाच. बदलले ते एवढेच, की आता राज्याची खरी सूत्रे रस्त्यावरच्या जमावाकडे आहेत हे सगळ्यांना कळून चुकले. हा जमाव ज्यांच्या दारात उभा राहिला त्यांत दोन मुसलमान होते आणि एक ख्रिश्चन.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लायक अलींच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते पिंगल वेंकटराम रेड्डी. तेलंगणात साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखाली कुळे उठली, तेव्हा आपल्या गढ्या सांभाळण्यासाठी रझाकारांची मदत घेणाऱ्यांत विसनूरच्या देशमुखांसारखे हिंदू जमीनदार होते. त्याच लढ्यात उर्दूचे श्रेष्ठ कवी मखदूम मोहिउद्दीन निजामाविरुद्ध भूमिगत होऊन काम करत होते. स्टेट काँग्रेसच्या पुढाऱ्यांत सिराजुल हसन तिरमिझी होते. धर्माच्या रेघेवर हा संघर्ष सरळ कापता येत नाही. जो तसा कापू पाहील त्याच्या हातात दोन्ही बाजूंची चुकीची माणसे राहतील.

रझाकारांचे अत्याचार कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. बीदर जिल्ह्यातील गोरटा या खेड्यावर मे १९४८ मध्ये त्यांनी हल्ला करून मोठे हत्याकांड केले. ऑगस्टच्या अखेरीस तेलंगणातील बैरानपल्लीचे गावकरी बुरुजावरून लढले. गाव पडल्यावर शंभराच्या आसपास माणसे मारली गेली. मराठवाड्यात लूट, जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार आणि खंडणी यांना अंत नव्हता. त्यांचा प्रतिकार सशस्त्रही झाला. सरहद्दीवरच्या छावण्यांतून करोडगिरी नाक्यांवर, पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून तिचा पैसा लढ्यासाठी वापरला गेला. छावण्यांच्या पुढाऱ्यांनी लक्ष्य ठरवले होते ते राजवटीचे : नाका, ठाणे, तिजोरी. सर्वांनी सर्वकाळ ती मर्यादा पाळली असे म्हणता येणार नाही. पण मर्यादा होती आणि ती ठाऊक होती.

या सगळ्या वर्षात एका माणसाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. शोएबुल्ला खान हे तेलंगणात जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. त्यांनी पत्रकारितेला सुरुवात केली ‘ताज’मध्ये, सरकारने ते पत्र बंद केले. मग मंदुमूल नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये गेले, तेही बंद पडले. नोव्हेंबर १९४७ मध्ये, बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारख्या स्नेह्यांच्या साहाय्याने, त्यांनी काचीगुड्यातून ‘इमरोज’ हे स्वतःचे उर्दू दैनिक काढले. ‘इमरोज’ म्हणजे ‘आज’. उर्दूत लिहून, मुसलमान वाचकांना उद्देशून, ते रोज सांगत होते की हैदराबादने भारतात विलीन व्हावे आणि रझाकार हे मुसलमानांचे रक्षक नसून त्यांच्या नाशाचे कारण होणार आहेत. इंग्रजीत किंवा मराठीत हे लिहिणे सोपे होते. उर्दूत लिहिणे म्हणजे रझवींच्या श्रोत्यांशीच बोलणे होते.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुसलमानांनी एक निवेदन काढले : भारतात विलीन व्हा, रझाकार बरखास्त करा. त्यांत बाकर अली मिर्झा होते, मुल्ला अब्दुल बासित होते, आणि रझाकारांच्या कारवाया डोळ्यांनी पाहून महसूल खात्यातली नोकरी सोडलेले फरीद मिर्झा होते. ‘इमरोज’ने हे निवेदन छापले, उचलून धरले. त्याच दिवसांत रझवींनी जाहीर सभेत विरोधकांचे हात छाटण्याची भाषा केली. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून शोएबुल्ला घरी परतत असताना काचीगुड्यात त्यांच्यावर तलवारींनी हल्ला झाला. लिहिणारा हात तोडला गेला. सोबतचे मेहुणे इस्माईल खान यांनाही जबर जखमा झाल्या. पहाटेपूर्वी शोएबुल्लांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

शोएबुल्ला यांची हत्या का झाली, याचे उत्तर ‘ते भारताच्या बाजूचे होते’ एवढ्यावर थांबत नाही. भारताच्या बाजूचे हिंदू पुढारी शहरात होते, तुरुंगात होते, सरहद्दीवर होते. रझवींचा दावा असा होता की मी संस्थानातल्या सर्व मुसलमानांचा आवाज आहे. हिंदू विरोधकामुळे हा दावा खोटा ठरत नव्हता, उलट बळकट होत होता. तो खोटा पाडू शकत होता फक्त मुसलमान विरोधक. म्हणून ‘इमरोज’चा छोटासा छापखाना रझवींना भारतीय रणगाड्यांआधी धोक्याचा वाटला. आणि म्हणूनच जो हिंदू सर्व मुसलमान रझाकारच होते असे म्हणतो, तो नकळत रझवींचाच दावा मान्य करतो आणि शोएबुल्ला यांची साक्ष पुसून टाकतो. त्याच उन्हाळ्यात, ३ जुलैला, काश्मीरमध्ये झांगर येथे भारतीय सेनेचे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान धारातीर्थी पडले होते, हेही या जागी आठवते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेस लायक अलींचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, निजामांनी रेडिओवरून युद्ध थांबवल्याचे जाहीर केले आणि १८ ला त्यांचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. आपण याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. युद्धाचा वृत्तांत अनेकदा लिहिला गेला आहे. त्यात येथे शिरत नाही.

पुढच्या आठवड्यांविषयी मात्र मराठीत फार कमी लिहिले गेले. कासिम रझवींना अटक झाली, त्यांच्यावर खटला चालला, बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत तपासली गेली. १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. आरोपीचे नाव, पुरावा, वकील, अपील : राज्याने दहशतीचा हिशेब करण्याचा हा मार्ग होता. खेड्यापाड्यांत त्याच वेळी दुसराच हिशेब चालू होता. तेथे नाव विचारले जात होते ते फक्त धर्म ओळखण्यासाठी.

पंडित नेहरूंच्या पुढाकाराने एक सद्भावना मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते. सोबत ‘पयाम’ या उर्दू पत्राचे माजी संपादक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतांशी मुसलमान. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझवींच्या लातुरात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळाला गावात जेमतेम तीन हजार आढळले. लातूर हे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचे मोठे पेठेचे ठिकाण होते. रझवी तिथले, म्हणून शिक्षा पेठेला. खरे रझाकार यातले पुष्कळसे आधीच पळाले होते. सापडला तो घरी थांबलेला माणूस. सोलापूर व इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र जातीयवादी टोळ्यांचा, काही ठिकाणी स्थानिक पोलिसांचा आणि सैनिकांचाही यात हात होता असे मंडळाने नोंदवले. सैन्याची एकंदर शिस्त आणि जनरल चौधरी यांची वागणूक यांची प्रशंसाही त्याच अहवालात आहे. पुष्कळ जण त्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग उचलतात.

सरदार पटेलांना अहवाल एकांगी वाटला. रझाकारांच्या कृत्यांना त्यात पुरेसे स्थान नाही हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य नाही असे नाही, कारण मंडळ त्यासाठी नेमलेले नव्हते. परंतु अहवाल दडून राहिला आणि त्याचा परिणाम उलटाच झाला. काही उतारे पुढे छापले गेले तरी संपूर्ण मजकूर अभ्यासकांना सहज पाहता आला तो २०१३ च्या सुमारास. मधल्या सहासात दशकांत मराठी घरांत गोरटा राहिले, लातूर गेले. आणि जुन्या शहरातल्या मुसलमान घरांत लातूर राहिले, गोरटा गेले. एकाच शहरात, एकाच बसने प्रवास करणाऱ्या लोकांनी त्याच वर्षाचे दोन इतिहास मुलांना सांगितले. प्रत्येकाच्या इतिहासात आपलेच तेवढे मेले होते.

त्या अहवालातला एक तपशील मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. ज्या ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, अशा ठिकाणांचा उल्लेख मंडळाने आवर्जून केला आहे. विणकरांमध्ये हे विशेष दिसले : हिंदू कोष्टी आपल्या मुसलमान सहव्यवसायींच्या बाजूने उभे राहिले. याचे कारण काही थोर तत्त्वज्ञान नसावे. एकाच मालाच्या भावावर ज्यांचे पोट होते, जे एकाच सावकाराच्या वहीत होते, त्यांना शेजारचा माणूस रझाकार होता की नव्हता हे ठाऊक होते. माणूस ओळखीचा असला की त्याच्यावर समुदायाचे नाव चिकटवणे अवघड जाते. बाहेरगावाहून आलेल्या टोळीला ती अडचण नव्हती.

१७ सप्टेंबर आता निरनिराळ्या नावांनी साजरा होतो. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तेलंगणात मुक्ती म्हणायचे, विलीनीकरण म्हणायचे की एकात्मता, यावर दरवर्षी वाद होतो. नावाचा वाद राजकारण्यांचा आहे. शाळेपुढचा प्रश्न याहून साधा आहे : त्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना काय सांगायचे. आपल्या वर्गात उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलेही शिकून गेली आहेत. त्यांच्यासमोर गोरटा सांगताना आवाज खाली करण्याची गरज नाही, तसेच लातूर गाळण्याचीही नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या शेजारी शोएबुल्ला खान यांचे नाव यावे. कारण दोघे एकाच शत्रूशी लढले आणि त्यांतल्या एकाने त्यासाठी जीव दिला. ज्या भाषेत तो लढला ती उर्दू आपल्याला परकी नाही. नीलंग्यात जन्मलेल्या आणि निजामाच्याच मुलकी सेवेत काम केलेल्या सेतुमाधवराव पगडींनी उर्दू काव्य मराठीत आणले ते याच प्रदेशाच्या शिदोरीवर.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी १९४८ प्रत्यक्ष पाहिले असे आता मोजकेच आहेत, आणि सर्व नव्वदीच्या आसपास. ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणी, कोणाला : माणसांची आणि गावांची नावे लिहून घ्यावीत, ‘ते लोक’ असा शब्द आला की थांबून कोण, असे विचारावे. कोणी लपवले, कोणी भाकरी आणून दिली, कोणाचे घर नंतर कोणी बळकावले, हेही विचारावे, मग ती नावे कोणत्याही धर्माची निघोत. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यासाठी एक कपाट सहज रिकामे करता येईल.